तीन गोळ्या, दिवस मावळायच्या आत

१९७६ सालच्या जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, सांगलीत डॉ. लालासाहेब फाळके यांच्या दवाखान्यात, आक्काताई खोटं बोलली. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं कधी दुधात पाणी घातलं नव्हतं, की दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापलं नव्हतं. पण डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "रोज तीन गोळ्या घेतात ना?" आणि तिच्या तोंडून सरळ "व्हय" निघून गेलं.

गोळ्या तिच्या नव्हत्या. त्या होत्या तिच्या भावजयीच्या, पद्मावतीच्या. पद्मावती शेजारच्या खुर्चीत कुणीतरी आणून ठेवल्यासारखी बसली होती. डाव्या भुवईच्या वर जखमेची खपली धरलेली. तिचा नवरा रामगोंडा, म्हणजे आक्काताईचा धाकटा भाऊ, दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"पाच आठवडे झाले," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या डोसवर काहीतरी फरक दिसायला हवा होता. आणखी महिनाभर बघू. नाहीतर मिरजेला चिठ्ठी देतो. तिथं विजेचे झटके देतात."

"वीज?" रामगोंडा म्हणाला. "कुठं देत्यात?"

"डोक्याला."

रामगोंडानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. दुधगावच्या शिवारात वारणेवर त्याची पाण्याची मोटर होती. दोन वर्षांमागं तिच्या वायरीला पाय लागून त्याचा एक बैल जागच्या जागी आडवा झाला होता. त्यानं तो बैल स्वतः ओढून काढला होता.

"घाबरायचं काम नाही," डॉक्टर म्हणाले. "भूल देऊन करतात. गुण येतो. पण गोळ्यांनी भागलं तर मला हवंच आहे. पुढचा!"

पद्मावतीला काय झालं होतं हे गावात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, आणि म्हणून जो तो सांगत होता. पोटची मुलं धडधाकट, शिकायला बाहेरगावी, ऊस कारखान्याला गेलेला, नवरा हात न उचलणारा. तरी मागच्या चैत्रात ती एका सकाळी चुलीपुढं बसली ती काडी ओढायची विसरून तशीच बसून राहिली. मग भाकरी थापायची सुटली, केस विंचरायचे सुटले, बोलायचं सुटलं. रडायचीसुद्धा नाही. विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई." बाहेरचं म्हणून बघून झालं, पित्त म्हणून काढे झाले. नऊ महिने तिचं घर, तिच्या दोन म्हशी आणि ती स्वतः, असं सगळं आक्काताई ओढत होती. लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झालेली, बाकी जन्मभर भावाच्याच घरात राबलेली बाई. पण आता तिलाही सकाळी उठताना पाय कुणीतरी धरून ठेवल्यासारखे वाटायचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी डॉ. फाळक्यांना गाठलं. हे मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावचे. वीस वर्षं लष्कराच्या इस्पितळांतून काढलेली, सांगलीत येऊन दोनच वर्षं झाली होती. बोलणं हुकूम सोडल्यासारखं. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "हा आजार आहे. वेड नाही, भूत नाही, नाटक नाही. जवानांना होतो, सुभेदारांना होतो, बायकांना होतो. याला औषध आहे." मग चिठ्ठीवर लिहीत लिहीत पुढचं सांगितलं. ॲमिट्रिप्टिलिनची गोळी. पहिला आठवडा एक, दुसरा आठवडा दोन, तिथून पुढं तीन. गुण लगेच नाही, तीन-चार आठवडे थांबायचं. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून. गुंगी येईल, तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, जवळचं धूसर दिसेल, झटकन उठलं तर डोळ्यांपुढं अंधारी येईल. "म्हणून सगळ्या रात्री झोपताना. झोपेत निम्मा त्रास निघून जातो. समजलं?"

समजलं होतं सगळं. फक्त "रात्री" हा शब्द आक्काताईच्या कानात शिरून तसाच बाहेर गेला. रात्री काही पोटात घालायचं ही गोष्टच तिच्या घरात नव्हती. ही जैनांची घरं. चुली दिवस मावळायच्या आत विझायच्या. त्यातून आक्काताई आणि पद्मावती दोघींनी सात वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात, गावात मुनिमहाराज आले होते तेव्हा, त्यांच्यापुढं हात जोडून आजन्म नेम घेतला होता: सूर्य बुडाल्यापासून उगवेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, जिभेवर लवंगसुद्धा नाही. डॉक्टर रात्री म्हणाले, तो त्यांचा रिवाज. आपण आपल्या सोयीनं घ्यायच्या, असं तिनं मनाशी ठरवलं आणि ते विचारण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नाही.

त्यामुळं गोळी सकाळी. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, जाऊन देवाचं दर्शन झालं की आठ वाजता, दुधाबरोबर.

पहिल्या आठवड्यात पद्मावती दुपारपर्यंत झोपली. दुसऱ्या आठवड्यात दिवसभर. शेजारची अंबूबाई कुंपणावरून डोकावून म्हणाली, "आक्का, भावजयीला अफू चारतीस काय गं? पोरं झोपवायला आमी चारत हुतो तशी?" तिसऱ्या आठवड्यात एकदम तीन गोळ्या झाल्या, आणि चौथ्या दिवशी पद्मावती गोठ्यात बसलेली उठली ती सरळ म्हशींच्या पाण्याच्या दगडी डोणीवर आदळली. रक्त थांबेना. आक्काताईनं हळद दाबून धरली, आणि दाबून धरता धरताच ठरवलं की हे बस्स झालं. दुसऱ्या दिवसापासून एकच गोळी. उरलेल्या दोन ती रोज कुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकत गेली. भावाला बोलली नाही. तो बिचारा आधीच वाळून काटकी झाला होता.

एका गोळीवर पद्मावती पडत नव्हती. बरीही होत नव्हती.

त्या गुरुवारी परतीच्या एसटीत आक्काताई खिडकीशी बसली. पुढच्या बाकावर रामगोंडा आणि पद्मावती. समडोळीच्या थांब्यावर रामगोंडानं मागं वळून विचारलं, "आक्का, झटकं दिल्यावर वळखती का न्हाई मानसं?"

"मला काय ठावं?"

"इचारायला पायजे हुतं."

"मग इचारायचं हुतंस."

आक्काताईला डबी आठवत होती. ती सापडली तर भाऊ काय म्हणेल याची भीती वेगळी होती. पण तीन गोळ्या हरल्या म्हणून डॉक्टर पद्माच्या डोक्याला वीज लावायला निघाले होते, आणि तीन गोळ्या पद्माच्या पोटात गेल्याच नव्हत्या. हे एवढं जगात एकट्या आक्काताईला माहीत होतं.

चार दिवस तिनं ते तसंच वागवलं. सोमवारी, मिरची आणायची म्हणून, ती एकटीच सकाळच्या गाडीनं सांगलीला गेली.

डॉक्टरांपुढं तिनं डबी उघडून टेबलावर ठेवली. "मी खोटं बोललो," ती म्हणाली. त्या भागातल्या बायका बोलतात तशी. "एकच देतो मी. ह्या राहिलेल्या."

डॉक्टरांनी डबीत बोट घालून गोळ्या चाळवल्या. कुंकू लागून काही लाल झाल्या होत्या. मग त्यांचा चेहराही जवळजवळ तसाच झाला. "तीन लिहिल्या आणि एक दिली? बाई, तुम्ही फौजेत असता तर—"

"फौजेत असतो तर तुमी इचारला तरी असतासा, रातीला खातीस का न्हाई म्हणून."

"म्हणजे?"

"तुमी रातीला लिवलासा. रातीला आमी पानीबी घेत न्हाई. मग सकाळी देत गेलो. तर ती पडली, डोस्कं फुटलं. मग दोन कमी केल्या. आता मला काय बोलायचं ते बोला, पर तिला मिरजंला पाठवू नका."

"घेत नाही म्हणजे? कोण घेत नाही?"

"आवं, आमी जैन. दिवस मावळला की बंद."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. मग टेबलाच्या खणातून रुग्णांची वही काढली आणि बोट फिरवायला लागले. दुधगाव, समडोळी, नांद्रे, कवठेपिराण. मधेच एखाद्या नावावर थांबायचे. "हे रामगोंडासारखं नाव आहे, बाबगोंडा. हे जैनच असणार?"

"व्हय."

"हे आदगोंडा?"

"तेबी."

"अकरा जण," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना रात्री लिहून दिलंय. काय केलं असेल त्यांनी?"

"ज्येनं त्येनं आपापलं बगितलं असंल."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, या वेळी अक्षर काढून. दिवस मावळायच्या आत, शेवटच्या जेवणाबरोबर. पहिले चार दिवस एक, मग चार दिवस दोन, मग तीन. आठ वाजता झोप येईल, येऊ द्यायची. सकाळी उठवताना आधी बसवायचं, दहा आकडे मोजायचे, मग उभं करायचं. मिरजेचं आजपासून महिनाभर थांबवलं.

"पण एक आहे," ते म्हणाले. "रात्रभर तोंड सुकणार. घोटघोट पाणी लागेल."

"ते न्हाई जमायचं."

"लवंग, वेलदोडा?"

"न्हाई."

"चूळ भरून थुंकायची?"

"तेवढं चालंल."

"मग बघा," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ लोक ह्या गोळ्या त्या कोरड्या तोंडापायी सोडतात. बरं वाटायला लागण्याआधीच सोडतात. ते तुम्हाला सांभाळायचंय, मला नाही."

घरी येऊन तिनं भावाला सगळं सांगितलं. रामगोंडा उसाचं पाचट काढून आला होता, हातावर चरे. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मला सांगायचं न्हाईस व्हय?" एवढंच. मग पाय धुऊन जेवायला बसला, कारण दिवस कलला होता.

तिथून पुढं त्या घरात संध्याकाळचा एक नवा हिशेब सुरू झाला. सूर्य शेजारच्या उसाच्या तुऱ्यांवर टेकायच्या आत भाकरी, आमटी, आणि आक्काताईच्या तळव्यावर गोळ्या. सकाळी ती पद्मावतीला बसती करायची आणि एक ते दहा म्हणायची. सुरुवातीला एकटीच म्हणायची. पद्मावती पुन्हा पडली नाही. पण सूर्य उगवायच्या वेळेला तिचे ओठ एकमेकांना चिकटलेले असायचे. आक्काताई गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन परसात उभी राहायची आणि किरण दिसला की तांब्या पुढं करायची. पद्मावती तो एका दमात संपवायची आणि दुसरा मागायची नाही, नुसती तांब्या धरून उभी राहायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं जेवताना तिसरी भाकरी घेतली. न विचारता. आक्काताईनं रामगोंडाकडं बघितलं, रामगोंडानं ताटाकडं. त्यानंतर चार दिवसांनी ती शेळीवर ओरडली. मग एकदा म्हणाली, "दिसंना झालंय सुईचं भोक." डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं ते गोळीचंच होतं, पण तिनं सुई हातात घेतली होती हे आक्काताई दिवसभर मनात घोळवत राहिली.

एकोणीस फेब्रुवारीला पुन्हा सांगली. या वेळी डॉक्टरांनी पद्मावतीलाच विचारलं, "कसं वाटतंय?"

"तोंडात राख भरल्यासारखं," पद्मावती म्हणाली. "चार-चार दिवस पोट साफ न्हाई. तुमी काय देतासा हे? मानूस मरायचं असल्या औषधानं."

रामगोंडा ओशाळला. डॉक्टर मात्र खुर्चीत मागं टेकले. "डिसेंबरात या बाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या," ते म्हणाले. "आता भांडतात. चांगलं आहे. मिरजेची गरज नाही." मग आवाज खाली आणला. "पण ऐका. बरं वाटतंय म्हणून किंवा त्रास होतोय म्हणून, कशाहीसाठी मधेच बंद करायचं नाही. सहा महिने. मधेच तोडलं तर उलटतं. पुन्हा चैत्रातल्यासारखं होईल, आणि मग मिरजच."

परतीच्या गाडीत आक्काताईनं बोटांवर महिने मोजले. सहा महिने म्हणजे श्रावण.

शुक्रवारी आक्काताई बस्तीतले पुजारी धरणेंद्र उपाध्ये यांच्याकडं गेली. ते पूजेची भांडी घासत होते. तिनं विचारलं, रात्री दोन घोट पाण्याची मुभा मिळंल का.

"औषधापुरती मुभा असतीच," उपाध्ये म्हणाले. "पर ती नेम घेताना ठेवायची असती. तुमी दोघींनी ठेवला न्हाईसा. मी हुतो की तिथं. मी म्हणालोबी, बायांनो, औषध वगळून म्हणा. तवा तुमालाच जोर आलेला."

"आता?"

"ज्येंच्याकडनं घेतला त्येंनीच सोडवायचा. महाराज कर्नाटकात चालत निघालेत. आज कुठं, उद्या कुठं. कळलं की पत्र घालतो."

"तवर?"

उपाध्यांनी घंगाळ उपडं घातलं. "तवर मी काय सांगू, आक्का? मी नुसता उपाध्या."

शनिवारी संध्याकाळी पद्मावतीनं गोळ्या घेतल्या नाहीत. जेवण झालं होतं, पाण्याचं भांडं पुढं होतं. आक्काताईनं तळवा पुढं केला, तिनं तो बाजूला सारला.

"आज नको."

"का गं?"

"काल रातभर जीभ टाळूला चिकटून बसली. उठून बसलो, तुमचं घोरणं ऐकत बसलो. नको मला. बरी हाय मी आता."

"डाक्टर काय म्हणालं, ऐकलीस न्हवं?"

"डाक्टरच्या तोंडात असं हुतंय का?"

पडवीच्या भिंतीवरचं ऊन विटेएवढं उरलं होतं. आक्काताई बोलत होती आणि डोळे त्या विटेवर होते. घे गं, वेळ निघून चालली. चूळ भर रातीला. चूळ भरली की जास्तच तान लागती, पद्मावती म्हणाली, आणि ती थुंकायला जीव नको म्हणतो. मग एकच घे आज. एकबी न्हाई. आक्काताईनं रागावून बघितलं, गयावया करून बघितलं. "पुन्यांदा चुलीपुढं बसशील दगडासारखी, मग कुणी वडायचं तुला?" असं बोलून बसली. पद्मावती म्हणाली, "तुमीच वडायचं. सवय हाय तुमाला."

ऊन गेलं. तुरे आधी पिवळे, मग राखाडी झाले. तीन गोळ्या आक्काताईच्या मुठीत ओल्या व्हायला लागल्या होत्या.

दमली होती ती. रागसुद्धा पुरता येत नव्हता. चैत्रापासूनचा एकेक दिवस तिच्या कंबरेत येऊन बसला होता. तिला एवढंच कळत होतं की आज गोळी गेली नाही तर उद्याही जाणार नाही, आणि परवा ही बाई पुन्हा "काय न्हाई" म्हणायला लागेल.

तिनं पाण्याचं भांडं उचललं आणि तोंडाला लावलं. तीन घोट घेतले. तिसरा घशात अडकला, ठसका लागला.

पद्मावती बघतच राहिली. "आक्का! दिवस मावळलाय."

"दिसतंय मला."

"मग काय हे?"

"तान लागली."

"आत्ता तर जेवलासा. कसली तान?" पद्मावती उठून उभी राहिली. झटकन उठल्यामुळं भिंतीला हात लावावा लागला. "तुमचा नेम सात वर्षांचा. मी सांगितलो हुतो मोडायला? माझ्या डोक्यावर घालताय व्हय हे पाप? किती दिवस जोडलेलं, एका भांड्यात घालवलासा!" तिच्या गालांवर रंग चढला होता. बोलता बोलता तिचा आवाज कोरडा पडून फाटला, आणि ती ओठांवरून जीभ फिरवायला गेली. जीभ फिरेना.

"तुझा राहू दे," आक्काताई म्हणाली. "माझा तर गेलाच हाय. मी आता रोज रातीला पिणार. तुझ्या हातरुणाजवळ तांब्या ठेवणार. तू पी न्हाईतर पिऊ नको."

"आसं कुठं असतंय?"

"माझं आसं हाय."

पद्मावती खाली बसली. अंबूबाईच्या घरात कुणीतरी कंदील पुसत होतं. मग पद्मावतीनं आक्काताईची मूठ उघडली. गोळ्यांचा रंग तळव्याला लागला होता. तिनं त्या एकेक करून तोंडात टाकल्या, भांड्यातलं उरलेलं पाणी प्याली आणि तोंड वाकडं केलं.

"कोमट हाय," ती म्हणाली. "माठातलं तरी द्यायचं."

तेवढ्यात रामगोंडा गोठ्यातून आला. दिवस मावळून गेल्यावर पद्मावतीच्या हातात ओलं भांडं, आक्काताईच्या पदरावर सांडलेलं पाणी, हे त्यानं उंबऱ्यात उभं राहून बघितलं. तो आत गेला, माठावरचं फडकं घट्ट केलं, तांब्या भरला आणि आणून पद्मावतीच्या अंथरुणाच्या उशाशी ठेवला. वर फुलपात्र झाकलं.

"किती दिवस म्हणालं डाक्टर?" त्यानं आक्काताईला विचारलं.

"सहा महिनं."

"बरं," तो म्हणाला, आणि म्हशींना वैरण टाकायला पुन्हा बाहेर गेला.